सहाव्याच्या जागी सातवी

जर्मनीहून परत आल्यावर सोसायटीतल्या बायकांनी फोटो मागितले. मी फोन पुढे केला. एक दगडी पूल, एक मोठं चर्च, नदीकाठी आइस्क्रीम खाणारी मी, आणि पुढचे तीसेक फोटो तांबड्या मातीच्या एकाच मैदानाचे. शेजारच्या कुलकर्णी वहिनींनी चष्मा वर करून विचारलं, की एवढा व्हिसा काढून तुम्ही मैदान बघायला गेला होतात का. मी हो म्हटलं. खोटं कशाला सांगायचं?

तर ही त्या मैदानाची हकिगत आहे. ज्यांना राजवाडे आणि बर्लिनची भिंत हवी असेल त्यांच्यासाठी यूट्यूबवर पुष्कळ आहे.

आधी माझ्याविषयी. मी सांगलीची, बँकेतून निवृत्त झालेली. पण गावात मला बँकेमुळे कमी आणि क्रिकेटच्या वहीमुळे जास्त लोक ओळखतात. बँकेच्या संघाचा गुणलेखक एका रविवारी तापाने आडवा झाला, आणि हिचे आकडे सुवाच्य असतात म्हणून मॅनेजरांनी मला त्याच्या टेबलाशी बसवलं. बसले ती तीस वर्षं. प्रत्येक गोलंदाजाला वेगळ्या रंगाचं पेन, पंचांनी खूण केली की हात वर करून पोच, आणि काही चुकतंय असं दिसलं की ताबडतोब पंचांना कळवायचं. हे शेवटचं तर माझ्या हाडात भिनलेलं आहे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढप्याने कुणाचं पान चुकवलं तर माझा हात आपोआप वर जातो.

पोचल्यावर

माझा धाकटा भाऊ विनय शिकायला म्हणून जर्मनीला गेला आणि तिथलाच झाला. रेगेन्सबर्गला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे. बायको कात्रिन तिथलीच, शाळेत शिकवते. मुलगी लीना, सोळा वर्षांची. रंग आमचा, उंची कात्रिनकडची, हट्ट दोन्हीकडचा. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून येतं ते जर्मन. माझ्याशी इंग्रजीत बोलायची, मधूनमधून ‘आल्झो’, म्हणजे ‘तर मग’, आणि ‘गेनाऊ’, म्हणजे ‘बरोब्बर’, पेरत.

मी मे महिन्यात गेले. तो तिथे स्पार्गेलचा, म्हणजे पांढऱ्या शतावरीच्या कोंबांचा हंगाम. रस्त्याकडेला त्याच्या टपऱ्या लागतात आणि घरोघरी लोक गंभीर चेहऱ्याने ते सोलत बसतात. कात्रिनने पहिल्याच दिवशी माझ्यासाठी केले. नुसते उकडून, वर लोणी. जेवताना सगळे इतके गप्प, की मला वाटलं आधी प्रार्थना असावी. चव म्हणाल तर मीठ विसरलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी, फक्त चोखून टाकायचं काम नाही. दुसऱ्या दिवशी कात्रिन शाळेत गेल्यावर मी उरलेल्या कोंबांची गोडा मसाला, चिंच-गूळ घालून आमटी केली. कात्रिनने पातेल्यात डोकावून बघितलं आणि क्षणभर खुर्चीवर बसली. नंतर दोन वाट्या प्यायली. विनय म्हणाला, “ताई, हे बाहेर कुणाला सांगू नकोस. माझं परमिट काढून घेतील.”

पहिल्या रविवारी सकाळी आठला कात्रिन आणि लीना गाडीतून गेल्या. लीना बेसबॉल खेळते हे मला फोनवरून माहीत होतं. पण इतकं मन लावून खेळते हे माहीत नव्हतं. आमच्या क्लबातल्या पोरांची किटबॅग बरी म्हणावी अशी अवजड पिशवी ती स्वतः उचलून नेत होती. ती कॅचर आहे. म्हणजे आपला यष्टिरक्षक, फक्त स्टंप नाहीत आणि तोंडावर पिंजरा.

त्या गेल्यावर विनय चहाचा कप आणि फोन घेऊन बाल्कनीत बसला. थोड्या वेळाने बघते, तर फोनकडे बघून स्वतःशीच पुटपुटतोय. मग उभा राहिला. मग कठड्यावरच्या कुंड्यांना उद्देशून म्हणाला, “अरे, सोडायचा होता तो.”

मी विचारल्यावर फोन दाखवला. मैदानावर जो कोणी वही लिहितो तो टॅबलेटवरही लिहितो आणि प्रत्येक चेंडू इथे उमटतो. चित्र नाही, आवाज नाही. नुसती नावं, आकडे आणि ठिपके. लीनाची बॅटिंग आली की तिचं नाव ठळक होतं.

गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर सामना होता. मी म्हटलं, अरे मग जात का नाहीस?

“तिला नाही आवडत गं मी आलेलं,” विनय म्हणाला. “नर्व्हस होते. अकरा वर्षांची असताना दोनदा गेलो होतो. जोरजोरात ओरडलो असेन, आपल्याकडची सवय. मग तिनेच सांगितलं, बाबा, तू नको येऊस.”

“आणि तू ऐकलंस?”

“तिचा गेम आहे, ताई.”

पाच वर्षांत तो तिच्या एकाही सामन्याला गेला नव्हता, आणि पाच वर्षांत त्याने तिचा एकही सामना चुकवला नव्हता. तिला हे माहीत आहे का असं विचारलं, तर म्हणाला, कशाला सांगायचं, उगाच प्रेशर. मला हे काही पटलं नाही. पण पाहुण्याने पहिल्याच आठवड्यात घरातल्या गोष्टी दुरुस्त करायला घेऊ नयेत एवढं मला कळतं.

बुधवार, पुलापलीकडे

लीनाची शाळा लवकर सुटली, म्हणून ती मला गाव दाखवायला घेऊन गेली. डोनाऊ नदीवर जुना दगडी पूल आहे. इतका जुना, की आपण असं काही बांधून त्याला शेंदूर लावला असता. ते लोक त्यावरून रमतगमत चालतात आणि कॅमेऱ्याला नदी दाखवतात. पलीकडे आइस्क्रीमच्या दुकानात वेटरने माझ्याकडे, मग लीनाकडे बघून इंग्रजीत विचारलं, कुठून आलात. लीनाने त्याला ठसठशीत बव्हेरियन बोलीत आपल्या गल्लीचं नाव सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, हो, पण मूळची कुठली? तिने मेनूकार्ड मिटलं आणि दोन कोन मागितले.

मला म्हणाली, हे असं दर आठवड्याला होतं. इंडिया सांगितलं की पुढचे प्रश्न पाठ आहेत. योगा, करी, आणि बाबा सॉफ्टवेअरमध्ये आहे का. मी विचारलं, सांगलीला येतेस तेव्हा काय होतं. म्हणाली, तिथे सगळे विचारतात, जर्मनी कशी आहे.

घरी आल्यावर तिने मला जेवणाच्या टेबलावर बेसबॉल शिकवला. राजम्याचे दाणे खेळाडू, बशी म्हणजे फेकणाऱ्याचा उंचवटा, चार बाजूंना चार बेस, त्यातलं शेवटचं घर, आणि तिथे धावत परत आलं की एक धाव. मी कागदावर रकाने आखत गेले आणि ती सांगत गेली. दोन तासांत मी एक इनिंग लिहून दाखवली. तिला फार मजा वाटली. मला मात्र एका गोष्टीचं नवल वाटलं. त्यांच्यात क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू निसटला तर ती चूक त्याच्या नावाने लिहितात, वर फलकावरही लावतात. मी म्हटलं, आमच्याकडे सुटलेला झेल वहीत चढत नाही. लोक तो तीस वर्षं लक्षात ठेवतात, पण वहीत नाही. लीना म्हणाली, मग तुमच्याकडे जास्त वाईट आहे.

त्या भरात मी म्हणून गेले, की या रविवारी मी येते आणि तुमच्या गुणलेखकाशेजारी बसते. लीना राजमा एकेक करून डब्यात टाकायला लागली. ओट्याशी भांडी विसळणारी कात्रिन मागे न वळता जर्मनमध्ये काहीतरी छोटं वाक्य बोलली. मग लीना म्हणाली, ओके. झोपायला जाताना तिने मला विचारलं, आत्या, तुझ्याकडे जीन्स आहे का? माझ्याकडे विमानासाठी घेतलेली एक काळी पँट होती. ती चालेल, असं ठरलं.

दुसरा रविवार

सगळ्यांसाठी म्हणून मी शनिवारीच शंकरपाळे तळून ठेवले होते. निघताना लीनाने डबा पिशवीतून काढून ओट्यावर ठेवला. म्हणाली, तिथे कोणी काय आणायचं याची यादी असते, आमच्या नावापुढे केक आहे. जर्मनीत सगळ्याच गोष्टींची यादी असते हे एव्हाना मला कळलं होतं, म्हणून मी निमूटपणे डबा तिथेच सोडला. विनय दारापर्यंत आला, नीट लिही म्हणाला, आणि बाल्कनीकडे वळला.

मैदान गावाबाहेर, भाजीचे वाफे आणि लाकडी खोपटी असलेल्या बागांच्या मागे आहे. हिरवळ, आणि मध्ये तांबडी माती, अगदी आपल्या कुस्तीच्या हौद्यासारखी नीट केलेली. नोकर-माणूस कोणी नाही. आईबापच रेघा मारतात, सॉसेज भाजतात, कॉफी विकतात. कात्रिनकडे त्या दिवशी कॉफी होती. खेळणारी पोरं मिश्र, मुलगे आणि तीन मुली. त्यात अमेरिकन सैनिकांची दोन मुलं, एक कझाकस्तानातून आलेला, बाकी तिथलीच.

टेबल मैदानाच्या टोकाला, कॅचरच्या मागच्या जाळीआड होतं. तिथे फ्राऊ ब्रुनर, म्हणजे ब्रुनरबाई, बसल्या होत्या, सत्तरीच्या, डोक्यावर टोपी, पोस्टातून निवृत्त. त्यांच्यासमोर टॅबलेट होता आणि त्यावर विश्वास नसल्यामुळे शेजारी कागदही. लीनाने माझी ओळख करून दिली. भारतातून आलेल्या पाहुण्या आहेत, क्रिकेटची वही लिहितात, तुमचं काम बघायचंय. ओळखीत आत्या हा शब्द नव्हता. माझ्या ते लक्षात आलं, पण मी म्हटलं असेल घाई.

फ्राऊ ब्रुनर आणि मी पंधरा मिनिटांत मैत्रिणी झालो. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझंही काही फार ताठ नाही, पण एकच आजार असलेल्या दोन माणसांना भाषा लागत नाही. माझी रंगीत पेनं त्यांना आवडली. त्यांची पेन्सिल टोकदार ठेवायची युक्ती मी शिकले.

तिसऱ्या इनिंगमध्ये लीनाने गुडघ्यावरून न उठता दुसऱ्या बेसवर असा काही चेंडू फेकला, की धावणारा पोरगा अर्ध्या वाटेत बाद झाला. फ्राऊ ब्रुनर खूश होऊन म्हणाल्या, “तो हात वडिलांचा.”

मी विचारलं, कुणाच्या वडिलांचा?

त्यांनी आवाज खाली आणला. लीनाचे वडील डोमिनिकन रिपब्लिकचे ना, म्हणजे वेस्ट इंडिजजवळच्या त्या स्पॅनिश बोलणाऱ्या, बेसबॉलवेड्या देशातले. तिकडे म्हणे मोठ्या लीगमध्ये खेळायचे. पोरीच्या रक्तातच आहे. पण बिचारी, ती या संघात आल्यापासून एकदाही बघायला आले नाहीत. घटस्फोट झाला असेल. तुम्ही घरी उतरला आहात, तुम्हाला माहीत असेल.

माझं पेन थांबलं. मला काय वाटलं ते सरळ लिहिते. मला भयंकर राग आला. माझा भाऊ त्या क्षणी बाल्कनीत फोन धरून ठिपके मोजत बसला होता, आणि इथे सगळ्या गावाने त्याला बायको-मुलीला टाकून गेलेला कोणीतरी ठरवला होता. वीस पावलांवर कात्रिन लोकांना कॉफी ओतून देत होती. मला माहीत नाही, असं म्हणून पुढचा चेंडू लिहिला.

पाचव्या इनिंगमध्ये आमचा संघ चार विरुद्ध तीन असा मागे होता. एक जण बाद, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर आमची पोरं उभी. लीना बॅट घेऊन आली आणि दुसऱ्याच चेंडूला तिने डावीकडच्या कुंपणापर्यंत फटका मारला. दोघंही धावत घरी आले, लीना दुसऱ्या बेसवर पोचली, याला ते डबल म्हणतात. पाच-चार. सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले आणि मी माझ्या कागदाकडे बघितलं.

बेसबॉलमध्ये फलंदाजांचा क्रम आधी लिहून द्यावा लागतो आणि तो मोडता येत नाही. माझ्या कागदावर सहावा पाउल होता आणि सातवी लीना. पाचवा नुकताच खेळून गेला होता. पाउलची पाळी होती आणि फटका लीनाने मारला होता.

मी फ्राऊ ब्रुनरना दाखवलं. त्यांनी ओठ घट्ट मिटून टॅबलेटवर फटका नोंदवला आणि मला बोटाने गप्प राहायची खूण केली. मला वाटलं, बाई आनंदात आहेत, त्यांच्या लक्षात आलेलं नाही. तीस वर्षांच्या सवयीने माझा हात वर गेला. मी उभी राहिले आणि जाळीतून पंचांना इंग्रजीत, चांगल्या खणखणीत आवाजात सांगितलं, “सर, चुकीचा फलंदाज आहे. ही सातवी. सहाव्याची पाळी आहे.”

पंचांनी मान वळवली नाही. जणू मी बोललेच नाही. पण समोरच्या संघाचा प्रशिक्षक जवळच उभा होता. त्याने खिशातून कागद काढला, बघितला, आणि सावकाश मैदानात गेला.

पुढे काय झालं ते नियमाप्रमाणेच झालं. पाउल न खेळताच बाद. लीनाचा फटका रद्द. दोन्ही पोरं परत आपापल्या बेसवर. आणि पाउलनंतर पाळी लीनाचीच, म्हणून तिलाच पुन्हा बॅट घेऊन उभं केलं. आता तिच्या बाकावर कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. तिने चेंडू जोरात मारला, पण सरळ एकाच्या हातात गेला. सामना आम्ही चार-तीन असाच हरलो.

फ्राऊ ब्रुनरनी मला नंतर समजावलं. त्यांच्या खेळात क्रम चुकला तर तो समोरच्या संघाने पकडायचा. पंच आणि गुणलेखक यांना दिसलं तरी त्यांनी ब्र काढायचा नाही.

“चूक डोळ्यांनी दिसत असताना?” मी विचारलं.

“गेनाऊ,” त्या म्हणाल्या. डोळे पुसत होत्या की घाम, ते मी बघितलं नाही.

मी ते रागाच्या भरात केलं का, असं मला परत आल्यावर कुलकर्णी वहिनींपासून माझ्या नवऱ्यापर्यंत दोन-तीन जणांनी विचारलं. मला तसं वाटत नाही. पण शपथ घेऊन सांगता येणार नाही.

सामना संपल्यावर पोरं अर्धगोल करून बसली. प्रशिक्षक श्टेफान यांनी आधी स्वतःची चूक सांगितली. सकाळी क्रम बदलला, नवा कागद पंचांना दिला, आणि बाकावरच्या भिंतीवर जुनाच राहिला; पहिल्या फेरीत पोरांना त्यांनी तोंडी सांगून पाठवलं, नंतर पोरं भिंतीवर बघून गेली. कुणाचं काय चुकलं हे ते लोक हिशोबाला बसल्यासारखं, आवाज न चढवता सांगतात. मग ते आमच्या टेबलाशी आले. मागे सगळा संघ. त्यांनी फ्राऊ ब्रुनरना विचारलं, की इथे गुणलेखकाशिवाय कोणी बसायचं नसतं, ह्या बाई कोण? हे वर कळलं तर तुमचं लायसन्स जाऊ शकतं. फ्राऊ ब्रुनर लाल झाल्या. म्हणाल्या, लीनाच्या पाहुण्या. सगळे लीनाकडे बघायला लागले. कात्रिन कॉफीची किटली घेऊन येत होती, ती जागच्या जागी थांबली. 

लीना जर्मनमध्ये बोलली. मी तिच्याकडून नंतर शब्दन् शब्द विचारून घेतला.

“त्या पाहुण्या नाहीत. ती माझी आत्या आहे. माझ्या बाबाची बहीण. तिच्याकडे गुणलेखकाने चूक दाखवायचीच असते. फ्राऊ ब्रुनरना काही बोलू नका.”

“डोमिनिकन रिपब्लिकमध्ये?” श्टेफाननी विचारलं.

“इंडियात. बाबा तिथलाच आहे. तो कधीच बेसबॉल खेळला नाही. तो इथेच राहतो, आमच्या घरात.”

कोणीतरी फिसकन हसलं. पाउल, जो न खेळताच बाद झाला होता, त्याने विचारलं, “म्हणजे तुला स्पॅनिश येत नाही?”

“नाही.”

“तरीच,” तो म्हणाला.

श्टेफान म्हणाले, तिसऱ्या बेसची बाजू ओढायची राहिली आहे, लीनाने ओढावी. आणि आत्यांनाही एक दंताळं द्या.

दंताळं मला नवं नाही. मातीवरून ते ओढता ओढता लीनाने सांगितलं. अकरा वर्षांची असताना समोरच्या संघाच्या प्रशिक्षकाने तिचा फेकीचा हात बघून विचारलं होतं, डोमिनिकन का? ती ‘नाही’ म्हणाली नाही, एवढंच. पुढच्या वर्षी या संघात आली, तर सगळ्यांना ते माहीतच होतं. वडील लीगमध्ये खेळायचे हे कुणी जोडलं तिला ठाऊक नाही. पण तेव्हापासून तिच्याकडे बघून कोणी कुठून आलीस विचारेना. उलट ती बॅटिंगला आली की समोरचे दोन पावलं मागे सरकायचे. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या रंगाचा कुणाला तरी धाक वाटत होता. मग बाबा मैदानावर दिसून चालणार नव्हतं. कात्रिनला दोन वर्षांपूर्वी कळलं. ती म्हणाली होती, हे मी सांगणार नाही आणि झाकणारही नाही, ते तुझं काम.

मी म्हटलं, “तुझ्या बाबाला इथे लोक टाकून गेलेला समजतात.”

लीना एकाच जागेवरून तीनदा दंताळं ओढत राहिली. मग म्हणाली, त्याला तसंही बेसबॉल आवडत नाही. तो कधी काही विचारतच नाही.

बाल्कनीतला फोन माझ्या अगदी जिभेवर आला होता. पण सकाळपासून मी एक न सांगायची गोष्ट सांगून बसले होते. दुसरी गिळली.

त्याच संध्याकाळी

विनय दारातच उभा होता. आमच्या हातातल्या पिशव्या घ्यायच्या आधी म्हणाला, “ताई, पाचव्या इनिंगमधला तो डबल गेला कुठे? आला, आणि गायब. मी दहादा रिफ्रेश केलं. लीनाच्या नावापुढे होता, मी बघितला ना.”

माझ्या मागे जिन्यात लीना बुटांच्या नाड्या सोडत होती. तिने मान वर केली. विनयच्या हातात फोन तसाच होता.

कात्रिन मला दंडाला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि काहीही कारण नसताना दोघी मिळून कोथिंबीर निवडायला लागलो. दार अर्धवट उघडं होतं. लीना भराभर बोलत होती. जर्मन मला येत नाही, पण डोमिनिकन हा शब्द दोनदा आला आणि बाबा पुष्कळ वेळा. त्यानंतर विनयने शांतपणे एक प्रश्न विचारला. आणि लीना रडायला लागली.

मी नंतर विचारलं, तू काय म्हणालास. त्याने विचारलं होतं, डोमिनिकन बाबा चांगला खेळायचा का? ती म्हणाली, खूप.

अर्ध्या तासाने दोघं बुटांच्या कपाटाशी जमिनीवर बसले होते. तो तिला फोनमध्ये मागचे सामने दाखवत होता, पाच वर्षांचे. कोणत्या सामन्यात तिने चार चेंडू सोडून पाचवा मारला, कुठे घाई केली. ती त्याचं काय चुकतंय ते सांगत होती. बरंच चुकत होतं. नुसत्या ठिपक्यांवरून खेळ शिकला होता बिचारा.

जेवणानंतर तो भांडी घासत होता आणि मी पुसत होते. मग म्हणाला, “लागलं गं, ताई. नाही कसं म्हणू.” एक पातेलं विसळून म्हणाला, “पण मीही कधी विचारलं नाही तिला, का नको येऊ. बाल्कनी मलाही सोयीची होती.”

मी एक ताट दोनदा पुसलं.

शेवटचा रविवार

सामना पुन्हा त्याच मैदानावर होता. मला टेबलाशी बसायला आता मनाई होती आणि ती योग्यच होती. फ्राऊ ब्रुनर जाळीआडून उठून हात मिळवायला आल्या आणि माझं हिरवं पेन मागून घेऊन गेल्या. आम्ही तिघं बाकावर बसलो, मी, कात्रिन आणि विनय. विनयने इस्त्रीचा शर्ट घातला होता, मुलाखतीला निघाल्यासारखा. यादीत कात्रिनच्या नावापुढे केकच होता, पण या वेळी चिवड्याचा मोठा डबा लीनाने स्वतः गाडीत ठेवला होता. तो सॉसेजवाल्या टेबलावर बराच वेळ कुणी न शिवता पडून होता. मग पाउलने मूठभर खाल्ला, त्याला खोकला आला, आणि मग सगळ्यांनाच बघायचं होतं किती तिखट आहे.

विनय ओरडला नाही. हात मांड्यांखाली दाबून बसला होता. समोर खेळ चालू असतानाही मधूनच फोन बघायचा. फोनवर सगळं अर्धा मिनिट उशिरा येतं, म्हणून लीनाने काही चांगलं केलं की त्याला दोनदा आनंद व्हायचा. आजूबाजूचे आईबाप आमच्याकडे बघत होते. वाईट नजरेने नाही, पण बघत होते. नमस्काराला मान हलवायचे आणि पुढे जायचे. तीन इनिंग कोणी शेजारी येऊन बसलं नाही. मी मनात म्हटलं, बातमी फिरलेली आहे, आणि पोरीला तिची किंमत किती पडणार ते मी सांगलीला गेल्यावरच कळेल. पहिल्या वेळी ती बॅटिंगला आली तेव्हा कोणी मागे सरकलं नाही. ती साध्या झेलावर बाद झाली.

चौथी इनिंग संपली. लीना पिंजरा काढून आपल्या बाकाकडे निघाली. घामाने केस कपाळाला चिकटले होते. अर्ध्या वाटेत ती थांबली, आमच्या दिशेला वळली आणि मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बाबा, माझी बाटली.”

तिथली मुलं पापा म्हणतात. बाबा कोण, ते बघायला सगळ्यांच्या माना वळल्या.

विनय उठला. बाटली माझ्या पायाशी होती, ती त्याने घेतली. खेळाडूंच्या बाकाकडे जायचं फाटक आमच्या उजव्या हाताला दहा पावलांवर होतं. मी त्याला तिकडे बोट दाखवलं. त्याने ते बघितलं, आणि डावीकडच्या, पार पलीकडच्या फाटकाकडे चालायला लागला. सगळ्या आईबापांच्या समोरून, सावकाश.